दृष्टी गेली, चार चष्मे आले, पण भिंग सुटलं नाही! दादासाहेब फाळकेंच्या पडद्यावर प्रतिमा उमटली कशी?

दादर पूर्वेला उतरून हिंदमाताच्या दिशेला गेलात तर दादासाहेब फाळके रोड लागतो. रोज हजारो माणसं या रस्त्यावरून जातात. एकेकाळी याचं नाव दादर मेन रोड होतं आणि इथल्या मथुरादास बंगल्यात एक कुटुंब राहायला आलं. गोष्ट त्याच्या थोडी आधीची, घरातला कर्ता माणूस तेव्हा ४१ वर्षांचा. चांगला चालणारा छापखाना सोडून घरी बसलेला. रात्र झाली की तो मेणबत्ती पेटवायचा, तिच्यापुढे फिल्मचा तुकडा धरायचा, त्याच्यापुढे भिंग धरायचा आणि समोरच्या भिंतीवर चित्र उमटतंय का ते बघत बसायचा.

शेजारीपाजारी काय म्हणत असतील याचा अंदाज आपण करू शकतो. पण याच माणसाने पुढे भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट काढला.

त्यांचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. सगळं जग त्यांना दादासाहेब म्हणून ओळखतं. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यांच्या नावाचा पुरस्कार आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण फाळकेंचं आयुष्य नीट पाहिलं तर त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे आरसा, भिंग आणि त्यातून उमटणारी प्रतिमा. दहावीच्या विज्ञानात आपण मार्कांपुरता वाचतो तो धडा हा माणूस जगला.

शास्त्रीबुवांचा मुलगा जे. जे. मध्ये

फाळकेंचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे पंडित. मुलानेही शास्त्री व्हावं अशीच घराची रीत. पण वडिलांना मुंबईत विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवायची नोकरी मिळाली, बिऱ्हाड मुंबईला आलं आणि मुलाची चित्रकलेची ओढ बघून १८८५ साली त्याला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घातलं गेलं.

तिथून ते थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेले. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी तैलरंग, जलरंग शिकून घेतले. फोटोग्राफीही तिथेच हातात आली. कलाभवनचे प्रमुख प्राध्यापक गज्जर यांनी या पोराची चिकाटी ओळखली. त्याला रतलामला पाठवून छपाईचे ब्लॉक बनवायचं शिक्षण दिलं आणि परत आल्यावर कलाभवनचा फोटो स्टुडिओ वापरायची मुभा दिली.

आता ब्लॉक म्हणजे काय? छापखान्यात फोटो छापायचा तर आधी तो धातूच्या पट्टीवर उतरवावा लागायचा. पण इथे एक गंमत आहे. रबरी शिक्का आठवा. त्यावरची अक्षरं उलटी असतात, म्हणून कागदावर सुलटी उमटतात. ब्लॉकचंही तसंच. म्हणून ब्लॉकसाठी फोटो काढताना भिंगापुढे आरसा किंवा काचेचा लोलक लावून डावं-उजवं मुद्दाम उलटं करून घ्यायची पद्धत होती.

आरसा हे काम का करू शकतो? सपाट आरशावर प्रकाश ज्या कोनात पडतो त्याच कोनात परत फिरतो. आपल्या डोळ्याला मात्र प्रकाश सरळ रेषेतच आलाय असं वाटतं. त्यामुळे आपण आरशाच्या जितके पुढे, तितकीच आपली प्रतिमा आरशाच्या मागे दिसते. आकार तेवढाच, पण उजवा हात डावा होतो. आरशामागे प्रत्यक्षात काहीच नसतं. तिथे कागद धरला तर त्यावर चित्र उमटणार नाही. म्हणून या प्रतिमेला आभासी प्रतिमा म्हणतात.

हे आभासी प्रकरण लक्षात ठेवा. फाळकेंच्या गोष्टीत पुढे खरी, पडद्यावर पकडता येणारी प्रतिमा येणार आहे.

कॅमेरा जीव घेतो?

१८९५ च्या सुमारास फाळके गोध्र्याला गेले आणि त्यांनी फोटोग्राफीचा धंदा सुरू केला. पण १९०० साली प्लेगची साथ आली. त्या साथीत फाळकेंची पत्नी आणि मूल दोघंही गेली. तिशीतला माणूस, हातात एक कॅमेरा आणि मागे रिकामं घर. ते बडोद्याला परतले.

बडोद्यात त्यांनी पुन्हा फोटोग्राफी करून पाहिली, पण धंदा बसेना. कारण लोकांची एक समजूत होती. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती खेचून घेतो आणि फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं लोक मानायचे.

आज हसू येईल, पण त्यामागची भीती समजून घ्यायला हवी. आपलं हुबेहूब रूप एका पेटीत कसं जातं, हेच कुणाला माहीत नव्हतं. प्रत्यक्षात कॅमेरा माणसाकडून काहीच घेत नाही. सूर्याचा उजेड आपल्या अंगावर पडतो आणि सगळ्या दिशांना विखुरतो. कॅमेरा असो वा नसो, तो विखुरतच असतो. त्यातला जो थोडासा उजेड भिंगापर्यंत पोहोचतो, तेवढाच कॅमेरा गोळा करतो. उजेड आपल्यापासून निघून गेलेलाच असतो. कॅमेऱ्याने तो पकडला काय किंवा समोरच्या भिंतीवर पडून वाया गेला काय, आपल्याला फरक पडत नाही.

धंदा बुडाल्यावर फाळके नाटकांचे पडदे रंगवू लागले. त्याच काळात बडोद्यात आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून ते जादूचे प्रयोग शिकले. पुढे त्यांनी स्वतःचे प्रयोगही केले आणि त्यासाठी नाव घेतलं प्रोफेसर केळफा. फाळके हे नाव आरशात धरल्यासारखं मागून पुढे वाचा, म्हणजे कळेल हे नाव आलं कुठून.

त्या काळच्या रंगमंचावरच्या जादूत आरशांना मोठा मान होता. तिरका धरलेला आरसा बाजूची भिंत दाखवतो आणि प्रेक्षकाला वाटतं की आपण समोरचीच भिंत बघतोय. टेबलाखाली बसलेला माणूस अशाने गायब होतो. डोळा प्रकाशाला सरळ मानतो, एवढ्या एका गोष्टीवर हा सगळा खेळ चालतो.

१९०२ साली फाळकेंचा दुसरा विवाह झाला. गिरिजा करंदीकर लग्नानंतर सरस्वतीबाई फाळके झाल्या. हे नाव विसरू नका, कारण पुढचा अर्धा सिनेमा त्यांचा आहे.

१९०३ मध्ये फाळकेंना पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी लागली. स्वदेशीची चळवळ पेटली तेव्हा त्यांनी ती सरकारी नोकरी सोडली आणि लोणावळ्याला छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्मांच्या प्रेससाठीही त्यांनी काम केलं. पुढे कारखाना दादरला आला, भागीदार आले, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असं नाव झालं. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी पटलं नाही आणि फाळके स्वतःच उभ्या केलेल्या धंद्यातून बाहेर पडले.

गिरगावच्या तंबूत काय दिसलं?

१९१०-११ चा सुमार. गिरगावात अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस नावाचं थिएटर होतं. तिथे फाळकेंनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळकेंच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहत होते. आपल्या देवांच्या गोष्टी अशा का दाखवता येऊ नयेत, या एका प्रश्नाने त्यांना पछाडलं. त्यांनी सरस्वतीबाईंनाही तो चित्रपट दाखवला.

मुंबईला हलती चित्रं नवी नव्हती. ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा खेळ झाला होता. सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली होती. पण पूर्ण गोष्ट सांगणारा, इथल्या माणसांनी इथेच बनवलेला मोठा चित्रपट कुणी काढला नव्हता.

फाळके कामाला लागले. मिळेल ते पुस्तक, मिळेल तो कॅटलॉग, मिळेल तो सिनेमा. रोज चार-पाच तास चित्रपट बघायचे. घरी येऊन मेणबत्ती, भिंग आणि फिल्म.

मेणबत्तीचं गणित

आता त्या भिंतीवर नेमकं काय होत होतं ते बघू.

मध्ये फुगीर आणि कडेला पातळ असतं ते बहिर्वक्र भिंग. काचेत शिरताना आणि बाहेर पडताना प्रकाशाचा मार्ग वाकतो. या भिंगाच्या आकारामुळे किरण एकमेकांकडे वाकतात. दूरवरून आलेले समांतर किरण जिथे एकत्र येतात तो बिंदू म्हणजे नाभी आणि भिंगापासून तिथपर्यंतचं अंतर म्हणजे नाभीय अंतर. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल तर नाभी तुम्ही पाहिलेली आहे.

वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगातून जाऊन पलीकडे पुन्हा एकेका बिंदूत जमतात. वरच्या बिंदूचे किरण खाली आणि खालच्याचे वर. म्हणून प्रतिमा उलटी असते. पण ती आरशातल्यासारखी आभासी नसते. किरण तिथे खरोखर पोहोचलेले असतात. तिथे कागद, भिंत किंवा फिल्म धरा, चित्र उमटतं. हीच वास्तव प्रतिमा.

प्रतिमा किती मोठी, हे वस्तू भिंगापासून किती लांब आहे त्यावर ठरतं. समजा भिंगाचं नाभीय अंतर १० सेंटिमीटर आहे. फिल्म २० सेंटिमीटरवर धरली तर पलीकडे २० सेंटिमीटरवर तेवढ्याच आकाराचं चित्र मिळेल. ती ११ सेंटिमीटरवर आणली तर चित्र ११० सेंटिमीटर लांब जाईल आणि १० पट मोठं होईल. १०.२ सेंटिमीटरवर आणली तर चित्र ५ मीटर लांबच्या भिंतीवर ५० पट मोठं! म्हणजे फिल्म मिलिमीटरभर हलली तरी भिंतीवरचं चित्र पुसट होतं. थिएटरमध्ये फोकस गेला की आपण ओरडतो, तो एवढाशा अंतराचा घोळ असतो.

आणि चित्र जेवढं पसरतं तेवढं अंधूक होतं. ५० पट रुंद आणि ५० पट उंच, म्हणजे तोच उजेड २५०० पट जागेवर वाटला गेला. बिचारी मेणबत्ती किती पुरणार? म्हणूनच थिएटरातल्या प्रोजेक्टरमध्ये प्रखर दिवा असायचा आणि त्याचा उजेड गोळा करून फिल्मवर टाकायला वेगळी भिंगं असायची.

कॅमेऱ्यात हाच प्रवास उलट होतो. तिथे वस्तू लांब असते आणि प्रतिमा भिंगाच्या अगदी जवळ, लहान उमटते. ५ मीटरवर उभा असलेला साडेपाच फुटी नट ५ सेंटिमीटर नाभीय अंतराच्या भिंगातून फिल्मवर जेमतेम पावणेदोन सेंटिमीटरचा होतो आणि तोही खाली डोकं, वर पाय. प्रोजेक्टरमध्ये फिल्म उलटी लावली की भिंग तिला पुन्हा उलटवतं आणि पडद्यावर राजा सरळ उभा राहतो. प्रकाश ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत येऊ शकतो. ल्युमिएर बंधूंचं यंत्र तर चित्रण आणि प्रक्षेपण ही दोन्ही कामं करायचं.

आणि दिसेनासं झालं

या सगळ्याची किंमत डोळ्यांनी मोजली. झोप नाही, दिवसा-रात्री सिनेमे, त्यात मेणबत्तीचे प्रयोग. फाळकेंच्या डोळ्यांवर इतका ताण आला की त्यांना दिसेनासं झालं.

ज्याचं सगळं आयुष्य बघण्यावर उभं, त्याचीच दृष्टी गेली. नोकरी नाही, धंदा नाही, घरात लहान मुलं. गोष्ट इथेच संपली असती. पण डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रतज्ज्ञांनी उपचार केले आणि दृष्टी परत आली. मात्र त्यासाठी तीन-चार वेगवेगळे चष्मे वापरावे लागले.

तीन-चार कशाला? कारण डोळाही कॅमेराच आहे. बुबुळाचा पारदर्शक पडदा आणि आतलं भिंग मिळून मागच्या दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा पाडतात आणि मेंदू तिला सुलटी समजतो. काचेच्या भिंगाला फोकस करायला पुढे-मागे सरकवावं लागतं, डोळ्याचं भिंग मात्र स्वतःचा फुगीरपणा बदलतं. वय वाढलं की ते ताठर होतं आणि जवळचं धूसर दिसू लागतं. म्हणून तर वाचायच्या चष्म्याला मराठीत चाळिशी म्हणतात. फाळकेंनी तर चाळिशी ओलांडली होती, वर हा ताण. चष्म्याच्या साध्या काचेचा नंबर एकच असतो. हातातली फिल्म, टेबलावरचं यंत्र आणि समोरची भिंत अशा वेगवेगळ्या अंतरांवर काम करणाऱ्याला एका चष्म्याने कसं भागणार?

चष्मे लावून फाळके पुन्हा त्याच कामाला बसले.

विमा गहाण आणि बोटीचं तिकीट

शिकायचं तर इंग्लंडला जायला हवं होतं. फाळकेंनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी बोट पकडली. लंडनमध्ये ते थेट बायोस्कोप साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. त्या साप्ताहिकाचे ते मुंबईहून वर्गणीदार होते! संपादक कॅबॉर्न यांनी आधी त्यांना या धंद्यात पडू नका असंच सुचवलं. पण समोरचा माणूस हटेना, तेव्हा त्यांनी निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ मोकळेपणाने दाखवला.

फाळकेंनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कोरी फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायच्या यंत्राची मागणी नोंदवली आणि एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले. बंगल्यात अंधारी खोली तयार झाली. कोऱ्या फिल्मला कडेने भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई शिकल्या. ही भोकं नसतील तर फिल्म ठरावीक अंतराने पुढे सरकत नाही आणि पडद्यावरचं चित्र थरथरतं.

पण चित्रपटाला भांडवल कोण देणार? फाळकेंनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर पक्का बसवला आणि साधारण महिनाभर थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपली. कॅमेरा आणि कुंडी यांतलं अंतर तेच राहिलं, म्हणून प्रत्येक चौकटीत प्रतिमा त्याच जागी, त्याच आकारात पडली. बदलला फक्त कोंब. ही फिल्म सलग दाखवली तर पडद्यावर बघता बघता रोप वाढायचं. आज मोबाइलवर ज्याला टाइमलॅप्स म्हणतात ते १९१२ मध्ये दादरला झालं. ते बघून पैसे द्यायला माणूस तयार झाला. उरलेल्या पैशांसाठी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले.

चादर धरणारी बाई

राजा हरिश्चंद्रचं काम सुरू झालं. दत्तात्रय दामोदर दाबके राजा झाले. तारामतीसाठी बाई मिळेना, शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदास झाला फाळकेंचा मुलगा भालचंद्र.

चित्रीकरण उन्हात चालायचं. पण डोक्यावरचं ऊन चेहऱ्यावर नाकाची, भुवयांची काळी सावली पाडतं. ती घालवायला दुसऱ्या बाजूने उजेड हवा. मग सरस्वतीबाई पांढरी चादर धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहायच्या.

आरसा का नाही धरला? आरसा उजेड एकाच दिशेला फेकतो. नटाच्या तोंडावर लखलखीत कवडसा पडला असता आणि डोळे दिपले असते. चादरीचा पृष्ठभाग खडबडीत असतो, म्हणून तिच्यावरचा उजेड सगळीकडे विखुरतो आणि चेहऱ्यावर मऊ पडतो. आज शूटिंगला थर्माकोलचा पांढरा बोर्ड धरून उभा असलेला माणूस दिसतो, तो हेच काम करतो. सरस्वतीबाई त्याशिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करायच्या आणि रात्री फिल्मचं काम.

सहा महिने २७ दिवसांनी ३७०० फूट लांबीचा चित्रपट तयार झाला. एका फुटात १६ चौकटी, म्हणजे जवळपास ५९ हजार छोट्या, उलट्या प्रतिमा. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात निवडक पाहुण्यांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या सँडहर्स्ट रोडवरच्या कोरोनेशन थिएटरात चित्रपट सगळ्यांसाठी खुला झाला. लोकांनी गर्दी केली.

प्रोफेसर केळफा पुन्हा आले

पुढे फाळके नाशिकला गेले. मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या मायलेकी पडद्यावर आल्या. १९१७ मध्ये लंकादहन आला, त्यात साळुंके राम आणि सीता दोघंही झाले. १९१८ च्या श्रीकृष्ण जन्म आणि १९१९ च्या कालिया मर्दनमध्ये फाळकेंची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली.

या चित्रपटांत देव प्रकट व्हायचे, कंसाचं मुंडकं उडून परत धडावर यायचं. जुना जादूगार आता आरशाऐवजी फिल्म वापरत होता. काळ्या पडद्यासमोर चित्रण केलं की काळ्या भागातून उजेड येत नाही, त्यामुळे फिल्मचा तेवढा भाग कोराच राहतो. तीच फिल्म मागे गुंडाळून कोऱ्या भागावर दुसरं दृश्य टिपायचं. दोन वेळच्या दोन प्रतिमा एकाच चौकटीत येतात आणि प्रेक्षक हात जोडतो. चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारी एक छोटी फिल्मही फाळकेंनी काढली होती. जादू कशी केली हे सांगायला ते घाबरत नव्हते.

पण धंद्याचं गणित त्यांना कधी जमलं नाही. हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनीत भागीदारांशी पुन्हा बिनसलं. ते काशीला निघून गेले, तिथे त्यांनी रंगभूमी हे नाटक लिहिलं आणि काही वर्षांनी परत आले. पुढे बोलपट आले आणि मूकपटांचा काळ संपला. १९३७ चा गंगावतरण हा त्यांचा एकमेव बोलपट. सुमारे ९५ चित्रपट काढलेल्या या माणसाच्या हाताशी शेवटी काम उरलं नव्हतं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं.

सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू केला. गोरेगावच्या चित्रनगरीलाही त्यांचं नाव आहे. राजा हरिश्चंद्रची सगळी रिळं मात्र आज उरलेली नाहीत, काही भागच जपून ठेवता आले.

एक प्रयोग आजही घरी करता येतो. रात्री खोलीतले दिवे घालवा, मेणबत्ती लावा आणि भिंग पुढे-मागे करत भिंतीवर ज्योत शोधा. एका ठरावीक अंतरावर ती अचानक स्पष्ट होईल आणि उलटी दिसेल. फक्त डोळ्यांवर ताण येईपर्यंत बसू नका. तेवढी किंमत फाळकेंनी आधीच मोजलेली आहे.